अठ्ठ्याहत्तर अंश

कानात यंत्र बसवल्यावर
बाबांनी पहिला ऐकला तो माझा आवाज नव्हे,
टेबलाखालच्या खोक्याचा.
"बेअरिंग गेलंय कुठलंतरी," म्हणाले
आणि चपला शोधायला लागले,
जणू रबाळ्याची रात्रपाळी अजून संपायची होती.

एकतीस वर्षं कॉम्प्रेसरशेजारी उभं राहून
त्यांनी कंपनीला कान दिले, हप्त्याहप्त्याने.
मी रात्री बिल्डरांच्या इमारती रंगवते,
न बांधलेल्या खिडक्यांतून
न उगवलेलं ऊन आत सोडते.
एकेका चित्राला चार तास.
मे महिन्यात खोलीच चौतीसची,
प्रोसेसर त्र्याण्णवला पोचतो
आणि त्याच्या डोक्यावरचा तळहाताएवढा पंखा
गिरणीसारखा सुरू होतो,
कोपरखैरण्यात, जिथे भिंतीपलीकडची
कुट्टीबाईंची शिंकसुद्धा आमच्या घरात पडते.

दहा वाजले की बाबा कानातलं काढून डबीत ठेवायचे.
"बॅटरी वाचवतो."
मला हे कळायला तीन आठवडे लागले.

रविवारी वाशीला गेलो, दोघंही.
भूपेश मढवीने काउंटरवर खोके मांडले.
एकात पाणी खेळतं, दोन नळ्या, आत पंप.
"सगळ्यात गार हाच, ताई."
बाबांनी नळीचा सांधा नखाने दाबून पाहिला.
"पाणी आलं की गळती आली," एवढंच बोलले.
दुसरा स्वस्त, बुटका,
मिनिटाला अठ्ठावीसशे फेरे,
तो त्यांनी उघडूही दिला नाही.
तिसरा काळा मनोरा, तांब्याच्या सहा नळ्या, पंख्यांची जोडी,
मी त्याच्या प्रेमात पडले
आणि माझ्या कॅबिनेटला तो पाच मिलिमीटरने उंच निघाला.
पाच मिलिमीटर!
झाकण उघडं ठेवलं तर? मी विचारलं.
मढवी हसला. बाबा हसले नाहीत.

मग आतून, धूळ झटकत, चौथा आला.
एकच पंखा, रंग शेवाळ्या तपकिरी,
कुणी हौसेने विकत घ्यावा असा नाही.
बाबांनी पातं बोटाने फिरवलं,
कानाच्या यंत्राजवळ धरलं,
दुकानातली घासाघीस थांबेपर्यंत धरून ठेवलं.
"रुंद पातं, सावकाश फेरा.
घाईचं पातं वाऱ्यापेक्षा बोंबच जास्त मारतं."
मढवीने मग पाचशे रुपये आपणहून कमी केले.

घरी आल्यावर पेस्ट लावली, तुरीच्या दाण्याएवढी.
मी स्क्रू ओळीने पिळायला घेतले
तर हात धरला त्यांनी.
"समोरासमोरचे आवळ. थोडे थोडे.
एका बाजूने आवळलेलं झाकण कधी नीट बसत नाही."
हे वाक्य त्यांनी कितीजणांना शिकवलं असेल,
आणि त्यातले कितीजण आता कुठे आहेत,
विचारलं नाही.

उरला हिशेब.
पंखा चौदाशेवर फिरवला तर एकोणसत्तर अंश,
आणि खोलीभर घरघर.
नऊशेवर आणला तर अठ्ठ्याहत्तर,
आणि जवळजवळ काहीच नाही.
मधले नऊ अंश घेऊन मी बसले होते,
बोट माऊसवर, जीव आकड्यात.
"किती गार हवाय तुला?" बाबांनी विचारलं.
"जितका होईल तितका."
"गार पडलेली मशिनं मी पाहिली आहेत.
त्या सकाळी गेटला कुलूप होतं.
काम करणाऱ्याचं अंग तापणारच.
करपू नये, एवढं बघ."

मी नऊशेवर ठेवला.

आज साडेअकराला चित्र निम्म्यावर आहे,
कुणाच्यातरी विसाव्या मजल्यावर ऊन उतरतंय,
आणि बाबांच्या कानात यंत्र आहे.
"बंद पडलं का गं?"
उठून आले, वाकले,
खोक्यावर तळवा टेकवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा नाही,
पाळी बदलताना पुढच्या माणसाच्या
पाठीवर ठेवतात तसा.
"चालू आहे."
मग बराच वेळ तिथेच,
एक हात खोक्यावर, मान किंचित कलती.
मला वाटलं आता काहीतरी बोलतील.

"तुझी खुर्ची कुरकुरते," म्हणाले,
"उद्या तेल घालतो."